तासातल्या जागा

गवयानं एखादी नाजूक जागा घेतली की मैफलीत दोघेचौघे तरी एकमेकांकडे बघून मान हलवतात. महाविद्यालयातल्या तासालाही अशा जागा असतात, पण त्या घेणाऱ्याला दाद मिळत नाही. तास चांगला झाला किंवा रटाळ झाला, एवढ्यावर विषय मिटतो. तोंडी, सबमिशन, गुणांचा तक्ता यांच्याकडे तर कुणी रसिकतेनं बघतच नाही. माझं म्हणणं असं की बघावं. प्रश्न कुठे ठेवला, उत्तराआधी किती थांबलं आणि गुण कशाचे दिले, या तीन ठिकाणी शिक्षकाची कारागिरी उतरलेली असते. ती सावकाश वाचली तर फार सुंदर दिसते.

ती वाचायला मी सोलापूरची पूर्व बाजू निवडली. शहरातून अक्कलकोट रस्त्यानं निघालं की एमआयडीसी लागते. टॉवेल आणि चादरींचे कारखाने, सूत रंगवण्याची कामं आणि या सगळ्यांना लागणारी दुरुस्तीची छोटी वर्कशॉप, असा हा परिसर. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते ज्यांच्या जोरावर मिळालं, ते माग इथे आणि पूर्व भागातल्या पेठांत चालतात. इथल्या पद्मशाली विणकरांच्या घरांतली मुलं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी आणि परीक्षेला बसतात इंग्रजीत. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या आधीच्या ‘आय’ अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदविकेच्या चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण आलं. तेव्हा कारखाना आणि वर्ग यांच्यामधलं अंतर कागदावर तरी सहा आठवड्यांपुरतं मिटलं. कागदावरचं प्रत्यक्षात उतरवायचं काम मात्र शिक्षकाच्या हाती राहिलं.

पहिली जागा एमआयडीसीच्या अलीकडे, अशोक चौकात आहे. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे तिथलं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झालं. ज्यांचं नाव त्याला आहे ते वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचेच. या महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी आपापल्या विषयांवरचे छोटे छोटे व्याख्यान-व्हिडिओ तयार करून यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. दिसायला ते अगदी साधे. पाठीमागे संगीत नाही, चकचकीत हालती चित्रं नाहीत. घटकाचं नाव, प्राध्यापकांचं नाव, मग एक ओळ, आणि विषयाला सुरुवात.

त्या एका ओळीपाशी थांबायला हवं. हे सत्र संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते त्या ओळीत सांगितलेलं असतं. यातलं क्रियापद बघा. जिथे शिक्षकानं मन लावून ओळ लिहिली आहे तिथे ‘समजेल’, ‘माहिती होईल’ असं मोघम काही नसतं. काढता येईल, तुलना करता येईल, निवडता येईल, असं काहीतरी असतं. १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची पायऱ्यांची मांडणी केली आणि २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, हे बी.एड.च्या पुस्तकात असतंच. पण त्या मांडणीचा खरा उपयोग या एका क्रियापदात दिसतो. ‘समजेल’ लिहिणाऱ्याला पुढे काय तपासायचं हे ठरवावं लागत नाही. ‘तुलना करता येईल’ लिहिणारा मात्र बांधला जातो, कारण मग दोन गोष्टी शेजारी ठेवून प्रश्न विचारावाच लागतो. ओळ लिहितानाच परीक्षा लिहून झालेली असते. इतक्या कमी शब्दांत स्वतःला बांधून घेणारा शिक्षक मला आवडतो.

यापुढची जागा व्हिडिओच्या मध्यावर येते. विषय रंगात आलेला असतो आणि पडद्यावर एक प्रश्न उमटतो. व्हिडिओ थांबवा, विचार करा, उत्तर लिहा. मग उत्तर. बघणाऱ्यांतले कितीतरी जण इथे न थांबता पुढे जात असतील, तरीही ती जागा सोडलेली असते. वर्गात असं थांबणं किती अवघड असतं हे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतल्या संवादांची ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी ऐकू येतं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद! फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ते फार मोठे वाटतात. व्हिडिओमध्ये शिक्षकानं ते विद्यार्थ्याच्याच ताब्यात देऊन टाकले आहेत. पाहिजे तर तीन मिनिटं घे.

पण नुसतं थांबून भागत नाही. थांबण्याच्या आधी ठेवलेला प्रश्न कसा आहे यावर सगळं ठरतं. ‘अमुक नियम लिहा’ असा प्रश्न असेल तर ती शांतता वाया जाते, कारण नियम नुकताच पडद्यावर होता. आता दुसऱ्या प्रकारचा प्रश्न बघा. समजा, दोन रोधक समांतर जोडलेत. त्यांना तिसरा समांतर जोडला तर एकूण रोध वाढेल की कमी होईल? सूत्र पाठ असलेला मुलगाही इथे क्षणभर अडतो. जास्त वस्तू आल्या म्हणजे अडथळा वाढणार, असं मन सांगतं. सूत्र सांगतं, कमी होणार. या दोघांच्या ओढाताणीत तो विद्युतप्रवाहाला मिळालेल्या आणखी एका वाटेचा विचार पहिल्यांदा करतो. उत्तर कळण्याआधी अंदाज बांधायला लावणारा प्रश्न हा थांबण्याचा खरा हकदार. सगळ्या व्हिडिओंत तो सापडतो असं मी म्हणणार नाही. सापडतो तिथे मात्र पुन्हा मागे जाऊन बघावासा वाटतो.

याच थांबण्याला भरलेल्या वर्गात कसं बसवायचं, त्याचं एक देखणं उदाहरण मुंबईचं आहे. विचार करा, जोडीनं बोला, वर्गासमोर मांडा, ही तीन पावलांची पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. आयआयटी मुंबईत अदिती कोठियाल, ऋतजित मजुमदार, सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात ती वापरली आणि मुलं प्रत्यक्ष काय करताहेत याची निरीक्षणं नोंदवून २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली. आकडा मोठा आहेच. पण मला त्यातली रचना जास्त भावते. पहिल्या पावलावर मुलानं काहीतरी लिहायचं असतं. दुसऱ्या पावलाचं काम पहिल्या पावलावर लिहिलेल्या गोष्टीवाचून पुढे सरकतच नाही. त्यामुळे जोडीतला एक बोलतोय आणि दुसरा खिडकीबाहेर बघतोय, हे सहसा होत नाही. एका पावलानं दुसऱ्याला धरून ठेवायचं, ही फार कसबी बांधणी आहे.

आता ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही त्या कागदाकडे येऊ. पदविकेच्या प्रयोगपुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी गुणांचा एक तक्ता छापलेला असतो. मुलं तो सही घेण्याची जागा म्हणून ओळखतात. ‘आय’ अभ्यासक्रमाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका पुस्तिकेतला तक्ता घ्या. एकूण २५ गुण. त्यातले १५ प्रक्रियेचे आणि १० फळाचे, म्हणजे साठ आणि चाळीस टक्के. निकाल बरोबर आला का, याआधी हात कसे चालले हे तोललं जातं. इथेच पारडं झुकवलेलं आहे.

आत शिरल्यावर बारकावे दिसतात. सुटे भाग नीट हाताळण्याला दहा टक्के, ते ओळखण्याला वीस, मोजमापाला वीस, गटात काम करण्याला दहा. मग फळाकडे: गणितानं काढलेल्या किमतींना दहा, निकालाचा अर्थ लावण्याला पाच, निष्कर्षाला पाच, प्रयोगासंबंधीच्या प्रश्नांना पंधरा आणि जर्नल वेळेत देण्याला पाच. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवा. प्रश्नांना पंधरा, वेळेवर जर्नलला पाच. आपल्याकडे प्रयोगशाळेचं सगळं वर्ष जर्नलभोवती फिरतं. कव्हर घातलं का, आकृत्या पेन्सिलनं काढल्या का, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री कुणाचं बघून उतरवलं. तक्ता करणाऱ्यानं या सगळ्याला विसावा हिस्सा दिला आहे. शिस्तीला किंमत आहे, पण एवढीच, हे त्यानं न ओरडता, एका आकड्यात सांगून टाकलंय. आणि गटात काम करण्याचे दहा टक्के प्रक्रियेत घातलेत, फळात नाही. गटानं काय काढलं याचे ते गुण नाहीत, गट कसा चालला याचे आहेत. हे बारीक शहाणपण आहे.

त्याच पुस्तिकेत आणखी एक जागा आहे. प्रयोगासंबंधीचे प्रश्न जिथे छापलेत तिथे वर एक सूचना असते: हे प्रश्न नमुन्यादाखल आहेत, शिक्षकांनी असे आणखी तयार करावेत. पुस्तिका करणाऱ्यानं शिक्षकासाठी दार उघडं ठेवलंय. अक्कलकोट रोडला सुताला कांजी चढवणाऱ्या सायझिंगच्या मशीनवर किंवा रंगाच्या टाकीवर जो तापमान-संवेदक बसवलाय त्यावरचा प्रश्न पुस्तिकेत असणार नाही. तो इथल्याच शिक्षकानं घालायचा आहे, आणि त्याला तसा अधिकार छापून दिलेला आहे. जे शिक्षक ही ओळ वाचून खरोखर आपले प्रश्न लिहून ठेवतात त्यांच्या तोंडीला दरवर्षी तीच ती ठरलेली उत्तरं चालत नाहीत.

मंडळाच्या कागदांतलं माझं सर्वांत आवडतं पान मात्र वेगळंच आहे. प्रत्येक परीक्षेनंतर आदर्श उत्तरं जाहीर होतात. मुलं थेट पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर जातात. त्याच्याही आधी परीक्षकांसाठीच्या सूचनांचा एक चौकोन असतो. तो वाचावा. उत्तर शब्दाला शब्द जुळवून न बघता कळीच्या शब्दांवरून तपासा. व्याकरणाच्या आणि स्पेलिंगच्या चुकांना फार महत्त्व देऊ नका. भाषेचाच विषय असेल तर गोष्ट वेगळी. गणितात पायरीनुसार गुण द्या, विद्यार्थ्यानं गृहीत धरलेली किंमत तुमच्याहून निराळी असू शकते. प्रोग्रॅमच्या पेपरात त्याच संकल्पनेवर चालणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिला असेल तर त्यालाही गुण द्या. एकेक सूचना ही आजवर कुठल्यातरी परीक्षकाच्या हातून झालेल्या अन्यायावरचा उपाय आहे, असं वाटत राहतं. या चौकोनात विद्यार्थ्याला संशयाचा फायदा दिला आहे, आणि तो दयेपोटी नाही. काय मोजायचं आहे हे स्पष्ट ठाऊक असल्यामुळे दिला आहे. पंपाचं कार्य विचारलंय ना? मग पंपाचं कार्य बघा, स्पेलिंग दुसरीकडे बघू.

२०२१-२२ पासून पदविकेच्या पहिल्या वर्षाला मराठी आणि द्विभाषिक माध्यम आलं तेव्हा या चौकोनात आणखी एक सूचना जोडली गेली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं मराठीत किंवा इंग्रजी-मराठी मिसळून लिहिलं तरी ते ग्राह्य धरा आणि संकल्पना जुळते का ते बघून गुण द्या. विडी कामगारांच्या वसाहतीतून, विडी घरकुलातून येणाऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीनं ही ओळ किती मोठी आहे, याचा विचार करा. त्याची तिसरी भाषा मोजण्याऐवजी त्याचं यंत्रशास्त्र मोजायचं, असं मंडळानं छापून सांगितलंय. चांगल्या मूल्यमापनाची व्याख्या शोधायला मी दूरच्या पुस्तकात जाणार नाही; ती या चौकोनात आहे.

गुण देण्याची याहून काटेकोर रीत बघायची तर पुन्हा एमआयडीसीच्या वाटेला लागावं. कापडाच्या धंद्यात तपासणीची एक पद्धत जगभर चालते. तिला चार गुणांची पद्धत म्हणतात. कापड उजेडाच्या टेबलावरून सरकतं आणि तपासणारा दोष मोजतो. दोषाची लांबी तीन इंचांपर्यंत असेल तर एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. भोक एक इंचापर्यंतचं असेल तर दोन, मोठं असेल तर चार. आणि एका यार्डात कितीही दोष असले तरी चाराहून जास्त गुण लावायचे नाहीत. शंभर चौरस यार्डांमागे साधारण चाळीस गुणांपर्यंतचं कापड पास, अशी रूढ मर्यादा आहे.

ही मोजणी शिक्षकाच्या डोळ्यानं वाचली की तिच्यात तीन गोष्टी सापडतात. ‘चांगलं’, ‘बरं’, ‘गचाळ’ असा शब्द तिच्यात कुठेच नाही. दोन तपासणाऱ्यांनी एकच तागा पाहिला तर त्यांचे आकडे जवळपास यावेत, अशी ती घडवलेली आहे. दुसरी गोष्ट, भोकाला लांबीच्या मानानं जास्त गुण लागतात, कारण सुताची गाठ धुऊन चालते, भोक चालत नाही. सगळ्या चुका सारख्या नसतात, हे इथे आधीच ठरवून ठेवलंय. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: यार्डामागे चाराची कमाल मर्यादा. एक यार्ड पार बिघडला म्हणून पूर्ण तागा बाद होत नाही. उत्तरपत्रिका तपासताना हेच घडायला हवं. पहिल्या पायरीला वजाबाकीची चूक झाली आणि पुढच्या पाचही पायऱ्या रीतीनं बरोबर केल्या, तर गुण एकदाच कापायचे. अनुभवी परीक्षक हे न सांगता करतो. नव्यानं रुजू झालेल्या प्राध्यापकानं कापड तपासणाऱ्याच्या शेजारी तासभर उभं राहावं. त्याला कार्यशाळेत मिळणार नाही एवढं तिथे मिळेल.

आता त्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाकडे. मुलं कारखान्यात असताना महाविद्यालयातले मार्गदर्शक शिक्षक भेटीला जातात. बहुतेक भेटी हजेरी बघून, चहा घेऊन आणि साहेबांची सही घेऊन संपतात. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या शेडमध्ये मी अशी एक भेट जवळून पाहिली, जी मला कसलेल्या कलावंताची वाटली. शिक्षिका पदविकेला शिकवणाऱ्या, विद्यार्थी यंत्र शाखेचा, तिसऱ्या वर्षाला जाणारा. माग चालू असताना शेडमध्ये शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. त्यांनी मुलाला कापडातले दोष दुरुस्त करतात त्या मेंडिंगच्या खोलीत आणलं आणि बोलायच्या आधी टेबलावरचा एक टॉवेल उचलून त्याच्या हातात दिला.

ही पहिली युक्ती. तोंडीला मूल शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत असतं आणि बरोबर की चूक हे भुवयांवरून वाचत असतं. हातात वस्तू आली की नजर वस्तूवर जाते आणि उत्तरही वस्तूतूनच यायला लागतं.

“बीम किती असतात रे याला?”

“दोन, मॅडम.”

बीम म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ; हे त्याला येणारच होतं. पहिला प्रश्न येणारा द्यायचा, म्हणजे आवाज सुटतो. मग त्यांनी विचारलं, सैल कुठला आणि ताठ कुठला. त्यानं सांगितलं: जमिनीचा ताठ, लूपचा सैल. इथवर वहीतलं. पुढचा प्रश्न वहीत नव्हता.

“मालक म्हणाले, लूप जरा छोटे करा. तू कुठे हात घालशील?”

टेरी टॉवेलचं विणकाम डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या प्रश्नाची खोली कळत नाही. साध्या कापडात प्रत्येक आडवा धागा फणी कापडाच्या कडेला नेऊन ठोकते. तीन धाग्यांच्या टेरीत पहिले दोन आडवे धागे कडेपासून थोडं अंतर ठेवून, अलीकडेच थांबवतात. तिसऱ्या धाग्याला फणी पूर्ण ठोका देते आणि तिन्ही धागे एकदम कडेला जाऊन भिडतात. ताठ बीमचे उभे धागे जागचे हलत नाहीत. सैल बीमचे धागे मात्र या सरकण्याबरोबर पुढे ओढले जातात आणि त्यांची जास्तीची लांबी कमानीसारखी वर उभी राहते. तोच लूप. म्हणजे लूप किती उंच होणार, हे मुख्यतः अलीकडे सोडलेल्या त्या अंतरात ठरतं.

मुलगा म्हणाला, “सूत बारीक घ्यायचं, मॅडम.”

चूक. पण मॅडम ‘चूक’ म्हणाल्या नाहीत, ‘नीट विचार कर’ असंही म्हणाल्या नाहीत. त्या थोडं थांबल्या. विद्यार्थ्याच्या उत्तरानंतरही थांबावं, हे रो यांच्याच अभ्यासात आहे आणि फार थोड्यांच्या अंगवळणी पडतं.

“बरं, घेतलं बारीक सूत. आता या लूपची उंची सांग.”

त्यानं टेबलावरची सुई घेतली, एक लूप उचलून ताणला, सोडला. पुन्हा ताणला. “लूप तेवढंच राहतंय की मॅडम. टावेल हलकं होतंय.”

“मग उंची कुठे ठरते?”

उत्तर शब्दांत आलं नाही. त्यानं अंगठा आणि तर्जनी यांच्यात थोडी फट धरली आणि हळूहळू ती मिटवत नेली. “पहिलं दोन धागं जिथं थांबत्यात, ते अंतर कमी करायचं.”

या देवघेवीत शिक्षिकेनं एकही वाक्य शिकवलेलं नाही. वजन आणि उंची या दोन गोष्टी मुलाच्या डोक्यात एकमेकींत गुंतल्या होत्या. त्याच्याच चुकीच्या उत्तराला खरं मानून एक पाऊल पुढे नेलं आणि ती गुंतवळ त्यानं स्वतः सोडवली. चूक पुसण्याऐवजी चुकीला चालवून बघायचं. याला विषयावर पकड तर लागतेच, पण त्याहून जास्त धीर लागतो. आणि लक्षात घ्या, याच प्रश्नातून मूल्यमापनही झालं. त्याला टेरीचं विणकाम किती कळलंय, याचा याहून भरवशाचा पुरावा तीन तासांच्या पेपरातून मिळाला नसता.

भेट संपताना त्यांनी जे विचारलं ते मी कुठल्याही तोंडीत ऐकलेलं नाही. “इथे असं काय बघितलंस जे तुला अजून कळलं नाही?” मुलगा बराच वेळ टॉवेल उलटापालटा करत राहिला. मग त्यानं टोकाच्या सपाट पट्टीवर बोट ठेवलं. “इथं बॉर्डरला लूप नसत्यात. इथं सैल बीम थांबतंय का, मॅडम?” प्रश्न उत्तम होता. त्या पट्टीत प्रत्येक धाग्याला पूर्ण ठोका बसतो आणि लूपच्या बीममधून धागा सुटणं आवरलं जातं. मॅडमना उत्तर ठाऊक असणारच. तरी त्या म्हणाल्या, “जॉबरकाकांना विचार, मागाशी उभं राहून बघ आणि डायरीत लिही. पुढच्या आठवड्यात वाचणार आहे मी.”

प्रशिक्षणातली ती साप्ताहिक डायरी. ‘आज कारखान्याची माहिती घेतली’, ‘मशीनची माहिती घेतली’ अशा ओळींनी ती सहज भरते. या मुलाच्या डायरीत त्या आठवड्यापुरता एक खरा प्रश्न राहणार होता, आणि त्याच्याखाली ज्यानं वर्षानुवर्षं माग लावले त्या माणसाचं उत्तर. जॉबरला या व्यवस्थेत शिक्षक केलं गेलं, हे मला त्या भेटीतलं सर्वांत लोभस वाटलं. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये जे ज्ञान हातात आहे आणि कुठल्याच पुस्तकात नाही, ते मुलाच्या वहीत उतरण्याचा रस्ता एका प्रश्नानं उघडला.

अभियांत्रिकी सोडून वाणिज्य, कला, विज्ञान शिकवणारे म्हणतील, आमच्याकडे माग नाहीत. पण हिशेबाच्या शिक्षकाला सुताच्या एका गाठोड्यापासून टॉवेलच्या डझनापर्यंतचा खर्च इथेच उभा करता येईल. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला नवा टॉवेल पहिल्या धुण्याआधी पाणी नीट का शोषत नाही, एवढा एक प्रश्न पुरेल. त्यात कांजी, मऊपणासाठी लावलेलं फिनिश आणि कापसाचे तंतू असं सगळं येतं. प्रश्न मात्र मुलानं अंदाज बांधण्याआधी सोडवून दाखवायचा नाही.

नवं सत्र सुरू होईल तेव्हा महाविद्यालयात शिकवणाऱ्या वाचकांना माझं एक सांगणं आहे. पहिल्या तासाला अभ्यासक्रमाची पानं वाचून दाखवतो, तसा प्रयोगपुस्तिकेतला गुणांचा तक्ता मुलांसमोर ओळ न् ओळ वाचा. हात कसे चालवले याला किती टक्के आहेत आणि जर्नल वेळेत देण्याला किती, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळू द्या. आणि उत्तरपत्रिकांचा पहिला गठ्ठा सोडण्याआधी परीक्षकांच्या सूचनांचा तो चौकोन स्वतः वाचा. आदर्श उत्तरं मंडळाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असतात आणि तो चौकोन पहिल्याच पानावर असतो.